सकाळी दहाचं हैदराबाद

हैदराबादला जायचं ठरवलं मी, गाडी शोधली मी, सुट्टी मंजूर करून घेतली मी, आणि नन्नाचा पाढा वाचला बाबांनी. त्या तीन रविवारांचा राग अजून माझ्या डोक्यातून पुरता उतरलेला नाही.

गाडी म्हणजे साधी गाडी नव्हे. नागपूरला एका माणसाकडे चाकांवरचं घर भाड्याने मिळतं, मोटरहोम म्हणतात त्याला. आत झोपायला पलंग, गॅसची शेगडी, छोटा फ्रिज आणि मुख्य म्हणजे खुर्चीसारखा बसायचा संडास. बाबांचे गुडघे गेलेत. बसच्या पायऱ्या त्यांना चढवत नाहीत, आणि ढाब्यावरच्या संडासात उकिडवं बसणं तर सोडूनच द्या. म्हणून मी हे घर शोधून काढलं. आई, बाबा, मी, आणि चालवायला माझा नवरा.

हैदराबादच का, तर ते बाबांचं शहर. बाबा तीस वर्षं ट्रकवर होते. हिंगणघाटच्या जिनिंगमधून कापसाच्या गाठी भरायच्या आणि हैदराबादला नेऊन टाकायच्या, महिन्यातून तीन-तीन, चार-चार खेपा. नाचणगावात आमच्या गल्लीत मुंबई पाहिलेले लोक होते, पण हैदराबाद पाहिलेले एकटे माझे बाबा. येताना ते लाखेच्या बांगड्या आणायचे आणि गोष्टी आणायचे. चारमिनारवर चढून गेलो, वर सोड्याचं दुकान आहे, गोटी फोडून थंडगार सोडा प्यायचा आणि खाली मोत्यांचा बाजार बघत बसायचं. शाळेत मी या गोष्टींवर इतका भाव खाल्ला की एका मैत्रिणीने माझ्याशी बोलणंच टाकलं होतं. आता मी शेहेचाळीस वर्षांची आहे, वर्ध्याच्या एका कॉलेजात कारकून आहे, बोरगाव मेघेत राहते. गुडघे पार बसायच्या आत बाबांनी मला त्यांचं हैदराबाद दाखवावं, एवढीच माझी इच्छा होती.

पहिल्या रविवारी नाचणगावला गेले आणि मोबाइलवर गाडीचे फोटो दाखवले. आई हरखली. "अवं माय, यात त ओटा पण आहे," म्हणाली. बाबांनी फोन हातातसुद्धा घेतला नाही.

"एवढी उंच गाडी शहरात कुठी उभी करशीन?"

"मी पाहीन ना ते, बाबा."

"पोलीस हाकलून लावते."

"नाई लावत."

"ऊन किती राह्यते तिकडं."

"डिसेंबरात जाऊन राह्यलो आपण."

"मंग थंडी लागते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी चहा अर्धा टाकून निघून आले.

तो आठवडाभर मी कॉलेजच्या मधल्या सुट्टीत हैदराबादला फोन लावत होते. जुन्या शहरातल्या लॉजवाल्यांनी सांगितलं, आमच्या गल्लीत रिक्षा शिरत नाही, तुमचं घर कुठून शिरणार. पार्किंगवाले म्हणाले, गाडी ठेवा, पण आत झोपता येणार नाही. अरे बाबांनो, झोपता येत नसेल तर घर कशाला आणायचं? एक जण नुसता हसला. त्याला मी आमच्या नागपुरी हिंदीत जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. ऑफिसातल्या शिपायाने दार लोटून घेतलं होतं. शेवटी एक भला माणूस भेटला. म्हणाला, शहराच्या कडेला ट्रकवाल्यांचं मैदान आहे, पाणी आहे, वॉचमन आहे, हवे तेवढे दिवस उभे राहा, तिथून ऑटोने आत जा. मला गड जिंकल्यासारखं झालं.

दुसऱ्या रविवारी ही बातमी सांगितली. बाबांनी चप्पल घातली. "विहारात मीटिंग आहे," म्हणाले आणि गेले. काठी टेकत, पण गेले.

"आज कायची मीटिंग?" आई म्हणाली.

तिसऱ्या रविवारी मी कागद घेऊनच गेले. तारखा, थांबे, जेवण, सगळं लिहिलेलं. बाबा पडवीत खुर्चीवर बसले होते, आई शेजारी मेथी निवडत होती. मी वाचायला लागले. पहिल्या दिवशी चारमिनार.

"तुम्ही वर नका चढू, खालूनच दाखवा. पण बाबा, मी व्हिडिओत पाह्यलं, वर सोड्याचं दुकान त दिसत नाई. बंद झालं काय?"

"कायचं दुकान!" बाबा ओरडले. "कायले मांगं लागली तू माह्या? नाई जायचं मले. कितीदा सांगू?"

मग माझाही बांध फुटला. आमच्या घरात राग कुणी विकत आणत नाही, मला तो त्यांच्याकडूनच आलाय. "तीन हप्त्यापासून मी जीव तोडून धडपडून राह्यली, अन् तुम्हाले कदर नाई. आम्ही लहान होतो तवा त लई सांगत होते, हैद्राबाद असं अन् हैद्राबाद तसं. आता आम्हाले दाखवाची लाज वाटते काय तुम्हाले?"

बाबा काठीच्या मुठीकडे बघत राहिले. आईचे हात थांबले.

"बाई," ते म्हणाले, "मी चारमिनार पाह्यलाच नाई."

मला आधी कळलंच नाही. ते सावकाश, एकेक वाक्य करत सांगत गेले. ट्रकला दिवसा शहरात नो एन्ट्री. सकाळी पोचलं की शहराबाहेरच्या मैदानात उभं राहायचं, रात्री दहाला आत सोडायचे. थेट गोडाऊन, गाठी उतरवायच्या आणि उजाडायच्या आत बाहेर. दिवसभर मैदान सोडता यायचं नाही. कापूस तो, कुणी जळती बिडी टाकली की संपलं. माल सोडून ड्रायव्हरनं हलायचं नाही, हा मालकाचा हुकूम. तीस वर्षं ते त्या मैदानात केबिनमध्ये पाय दुमडून झोपले.

"अन् बांगड्या?"

"एक बाई टोपली घेऊन ये तिथं."

"अन् गोष्टी?"

"दुसऱ्याइनं सांगतल्या थ्या तुले सांगतल्या. सोड्याचं दुकान माह्या मनचं. तुले सोडा आवडे लहानपणी." मग ते माझ्या हातातल्या कागदाकडे बघून म्हणाले, "अन् आता तू मले तिथंच नेऊन राह्यली. त्याच मैदानात. गाडीत झोपाले."

"मले मालूम होतं," आई मेथीकडे बघत म्हणाली.

मला आईचा राग आला. तिला माहीत होतं तर तीन रविवार तोंड शिवून का बसली? त्या मालकाचा राग आला, ज्याचं तोंडही मी कधी पाहिलं नाही. आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, आणि मी आपली तीन आठवडे पोहरा सोडतेय, ओढतेय, वर पोहऱ्यावरच डाफरतेय. गाडीत झोपणं ही मला मौज वाटली, कारण मला ते कधी करावं लागलं नव्हतं. सगळ्यात जास्त राग आला तो माझाच. बाबा घरी आले की मी धावत जाऊन विचारायचे, काय आणलं. तीस वर्षांत एकदाही विचारलं नाही, तुम्ही झोपता कुठे.

तिथूनच नागपूरला फोन केला आणि गाडी नको म्हणून सांगितलं. गाडीवाला "का?" विचारत होता, तोवर मी फोन ठेवला. बाबांशी बोलायला मात्र मला अर्धा तास लागला.

"मंग कसं जायचं, सांगा."

बाबांनी काठी भिंतीला टेकवली. इतकी वर्षं त्यांना हे कुणी विचारलं नसावं.

"रेल्वेनं जाऊ. लॉजात राहू, पलंगावर. अन् शहरात शिराचं सकाळी दहा वाजता."

"दहालेच काऊन?"

"तवा ट्रकले नो एन्ट्री राह्यते," बाबा म्हणाले.

मी कागद उलटा केला आणि पाठच्या कोऱ्या बाजूला लिहिलं, सकाळी दहा. इतकं दाबून लिहिलं की कागद फाटला.