भावोजींची गाडी आणि ताईचा आकडा

सकाळी पेणहून भाच्याचा फोन आला. "मामा, लगेच निघ," सुहास म्हणाला, आणि मी सवयीने विचारलं, "कुठे बंद पडली?" पलीकडून तो हळूच म्हणाला, "गाडी दारातच हाय, मामा. बाबा गेले." दत्ताभावोजी झोपेतच गेले होते. आजारपण नाही, धावाधाव नाही, कुणाला धक्का मारायला लावला नाही. त्या घरून अवेळी फोन आला की तो गाडीचाच असायचा, त्यामुळे माझ्या तोंडून दुसरं काही निघणं शक्यच नव्हतं. माझा हा प्रश्न त्यांनी ऐकला असता तर पोट धरून हसले असते.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. डोलवीकडच्या एका कंपनीत त्यांची सगळी नोकरी टाइम ऑफिसात हजेऱ्या बघण्यात गेली. मशीनशी संबंध आला तो फार तर पाण्याच्या कूलरशी. पण जुनी पांढरी गाडी दारात आली आणि यांच्या अंगात मेकॅनिक संचारला. गॅरेजची पायरी चढायची नाही हा बाणा. "आपल्या गाडीचं दुखणं आपल्यालाच कळाया होवं," असं म्हणून ते बॉनेट उघडायचे, डोळे मिटून कान लावायचे आणि वैद्यासारखं निदान सांगायचे. एकदा नागोठण्याजवळ गाडी आचके देत थांबली. भावोजींनी इंजिनातला पेट्रोल पंप तापला असं ठरवून त्यावर माझा नवा कोरा टॉवेल भिजवून गुंडाळला. मग प्लग काढले, पुसले, परत लावले. मग कार्बोरेटर उघडून त्याचे भाग वर्तमानपत्रावर मांडले. दुपार कलली तेव्हा लक्षात आलं, टाकीत पेट्रोलच नव्हतं. "काट्यावर माझा इश्वास नाय," एवढंच ते म्हणाले. त्यानंतर मात्र "आधी सोपं बघावं, मग अवघड," हे तत्त्व ते मलाच शिकवू लागले, जणू पेट्रोल मी प्यायलो होतो.

आमचा रोह्याच्या घरचा गणपती दरवर्षी पेणहून यायचा, अर्थात भावोजींच्या गाडीतून. मागच्या सीटवर मांडीत मूर्ती घेऊन ताई, पायाशी पूजेची पिशवी. नागोठण्याहून रोह्याकडे येताना भिसे खिंडीचा चढ लागतो. तिथे गाडी हमखास तापायची. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नसतं, हा धडा भावोजींनी स्वतःच्या मिशीचा अर्धा भाग देऊन घेतला होता. त्यामुळे आम्ही खिंडीत निमूट उभे राहायचो, ताई थर्मासमधला चहा ओतायची आणि गाडी निवायची वाट बघायची. एका वर्षी रेडिएटरला बारीक भोक पडलेलं निघालं. भावोजींनी हात पुढे केला. "अगो, हळद दे." ताईला वाटलं, बोट कापलं. तिने पूजेची पुडी काढून दिली आणि यांनी ती अख्खी रेडिएटरात ओतली. गळती थांबली! पण घरी गुरुजी हळद मागत होते आणि ती गाडीच्या पोटात गरगरत होती.

ताईच्या आकड्याची गोष्टही त्याच खिंडीतली. चहा झाला, चावी फिरवली तर नुसतं 'टक'. बॅटरीच्या टर्मिनलवरची पकड झिजून सैल झाली होती. भावोजींनी इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ ताईच्या अंबाड्यातला आकडा उपसून त्या फटीत ठोकला. गाडी सुरू. ताईचे केस मोकळे, त्यात येणारेजाणारे एसटीतून बघतायत. ती इतकी संतापली की रोह्याला येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. उतरल्यावर मात्र माझ्यासमोर म्हणाली, "बाळू, मरायच्या आधी एकदा तरी मला पेण-रोहा न थांबता जायचं हाय." भावोजी म्हणाले, "जाऊ की!" आणि पुढेही प्रत्येक वेळी खिंडीत थांबले. आकडा तिथेच राहिला आणि ताई अंबाड्यात नवा खोचू लागली.

नवरा गेल्यावर महिन्याभराने बहिणीला चार दिवस माहेरी आणायची आमच्यात रीत आहे. मी माझी गाडी काढत होतो, पण ताईने फोनवर सांगितलं, "ह्यांच्याच गाडीतून येईन. आता तरी न थांबता." सुहासने पहिल्यांदाच त्या गाडीला गॅरेज दाखवलं. मेकॅनिकने रेडिएटर बदलला, सगळं झाडून पुसून लख्ख केलं, आणि "बॅटरीत आकडा कोणी घातलान?" म्हणून हसत तो फेकूनही दिला.

मी एसटीने पेणला गेलो आणि येताना गाडी हाती घेतली. ताई शेजारी बसली, मांडीवर थर्मास. वडखळ गेलं, नागोठणं गेलं, गाडी लोण्यासारखी चाललेली. खिंडीचा चढही तिने कुरकुर न करता चढला. तापमानाचा काटा जागचा हलेना. मी खुशीत म्हटलं, "ताई, पोचलो बघ आपण न थांबता."

"थांबव," ताई म्हणाली.

"का? काय झालं?"

"काय नाय झालं. बॉनेट उघड."

मी उघडलं. आत सगळं चकचकीत, बघण्यासारखं काहीच नाही. आम्ही दोघं त्या धडधाकट इंजिनासमोर उभं राहून चहा प्यायलो. वाऱ्यावर ताईचा पदर उडत होता. "उगाच चडफडले रे इतकी वर्षं," ती म्हणाली. भावोजी असते तर या शांततेत त्यांनी निदान प्लग तरी काढला असता.

मग बॉनेट लावून मी चावी फिरवली. टक.

पुन्हा फिरवली. टक. उतरून पाहिलं, बॅटरीची पकड हाताने गोल फिरत होती. मी मान वर केली तर ताई शेजारी येऊन उभी, हात अंबाड्याकडे गेलेला. केस पाठीवर मोकळे सुटले, आणि तिने आकडा माझ्यापुढे धरला. मी दगडाने तो फटीत बसवला. गाडी पहिल्या चावीला सुरू झाली.

"हा आता कोणाला काढू देऊ नको हां," ताई म्हणाली, आणि मोकळ्या केसांनी रोह्यापर्यंत हसत रडत आली.