पोट दाबू नये

लेक तीन वर्षांची होती. तिला आंघोळ घालताना माझ्या हाताला पोटात डाव्या बाजूला काहीतरी टणक लागलं. दुखत नव्हतं, ताप नव्हता. सासूबाई पुण्याजवळच्या मांजरी गावच्या. त्यांनी हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "पोट साफ न्हाई तिचं. एरंडेल लावून चोळते, व्हईल मोकळं." दोन-तीन दिवस चोळलंही.

मोकळं झालं नाही, म्हणून सोनोग्राफी केली. मूत्रपिंडाचा कॅन्सर. एवढ्याशा मुलांना तो होतो हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "ही गाठ लहान मुलांतच दिसते, आणि बहुतेक मुलं बरी होतात. पण तिचं आवरण पातळ असतं. फुटली तर आजार पोटात पसरतो. आजपासून कुणी पोट दाबायचं नाही."

सासूबाई म्हणाल्या, "मी तर चोळलं की ओ."

"चोळल्याने कॅन्सर होत नाही, आजी. आणि स्कॅनमध्ये गाठ अखंड दिसते आहे. आता मात्र हात लावू नका."

सासूबाईंनी ऐकलं. ऐकलं नाही ते पाहुण्यांनी. कोथरूडच्या आमच्या घरी येणारा प्रत्येक जण फळांची पिशवी टेबलावर ठेवायचा, "कुठेशी आहे गाठ?" विचारायचा आणि हात पुढे करायचा. नवऱ्याचं शाळा-कॉलेज सदाशिव पेठेत झालेलं. त्याने सरळ दारावर पाटी लावली: 'पोट दाबू नये. डॉक्टरांचे दाबून झाले आहे. आपण चहा घ्यावा.' एक मावशी चहा न घेताच निघून गेल्या. मला मनातून बरं वाटलं.

पण पाटी त्यालाही लागू होती. ऑफिसातून आला की तो तिच्या पोटाला तोंड लावून 'पुर्र' करायचा. ते बंद झालं. ती सवयीने फ्रॉक वर करायची, आणि हा तिच्या डोक्यावरून हात फिरवून आत निघून जायचा.

आधी थोडी केमोथेरपी झाली, मग ऑपरेशन. मूत्रपिंडासकट गाठ काढली. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, "न फुटता निघाली." मी तिथेच रडले. सासूबाईंनी हात जोडले ते किती तरी वेळ सोडलेच नाहीत.

पुन्हा केमो, गेलेले केस, परत आलेले केस. शेवटच्या स्कॅननंतर डॉक्टरांनी तिचं पोट सगळीकडून दाबून पाहिलं. तिला गुदगुल्या झाल्या.

"छान आहे. एक मूत्रपिंड पुरतं. तपासण्या मात्र चुकवू नका."

नवऱ्याने विचारलं, "म्हणजे आता पोटाला हात लावला तर चालेल?"

"खुशाल."

घरी आल्याबरोबर सासूबाईंनी पाटी काढून माळ्यावर टाकली. लेकीने सोफ्यावर आडवं होऊन फ्रॉक वर केला. आडवा व्रण आता फिकट झाला होता. "बाबा, पुर्र."

तो गुडघ्यांवर बसला आणि गरम दुधावर घालावी तशी हलकीशी फुंकर घातली.

"असं नाही. जोरात," ती म्हणाली.

मग त्याने जोरात केलं. ती खिदळत होती, आणि त्याने बराच वेळ तोंड वर काढलं नाही.