गयाआजी कोणासाठी उठत होत्या

"आजी, उठा," मी चौथ्यांदा म्हटलं. गयाआजी खुर्चीत बसून माझ्या ओढणीची किनार चाचपत होत्या. उठल्या नाहीत.

"उठ न वं, पोरगी सांगून राह्यली," त्यांचे यजमान नामदेवबाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "मागच्या खेपेले तं पाच डाव उठली होती."

तेच मला कळत नव्हतं. आठ दिवसांपूर्वी याच खोलीत आजी पाच वेळा उठल्या होत्या आणि तसा रिपोर्ट मीच दिला होता.

मी बुलडाण्यातल्या एका हाडांच्या दवाखान्यात फिजिओथेरपीची इंटर्न आहे. म्हणजे शिक्षण संपत आलंय, पण कागदावर सही आमच्या सर्जन सरांची लागते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे फॉर्मवर लिहिलं की ते खरंच असतं, असं मला बरेच दिवस वाटत होतं.

आजी देऊळघाटच्या. दोन्ही गुडघे झिजलेले, पाय बाहेरच्या बाजूला वाकलेले. त्यात चार वर्षांपासून डिमेन्शिया, म्हणजे विसरण्याचा आजार. सरांपुढे प्रश्न होता गुडघ्याची वाटी बदलायची की नाही. या ऑपरेशनचं निम्मं काम टेबलावर होतं, निम्मं नंतर. रोज गुडघा वाकवायचा, वॉकर धरूनच उठायचं, एकट्यानं खाटेवरून उतरायचं नाही. सांगितलेलं दोन मिनिटंही लक्षात राहत नसेल, तर सांधा आखडतो किंवा पेशंट पडतो. भूल दिल्यावर गोंधळ वाढायची भीती असते ती वेगळीच. म्हणून सरांनी मला सांगितलं होतं, "सूचना पाळतात का बघ. पाच वेळा खुर्चीवरून उठबस करून घे."

मी लिहिलं, 'सूचना पाळतात.' ऑपरेशनची तारीख मिळाली, आणि त्याआधीची फेरतपासणी आता चालली होती.

सगळ्यात जास्त घाई होती अप्पांना. अप्पा म्हणजे नामदेवबाबांचे मोठे भाऊ. घरातला शेवटचा शब्द त्यांचा. "दोन्ही वाट्या एकाच डावात बदला," ते सरांना म्हणाले होते. "भावजयीकडे पाह्यलं नाही असं गावानं म्हनू नये." बाबांनी तेव्हा नुसती मान डोलावली होती.

तर चौथ्यांदा 'उठा' म्हणून मी थकले होते. एवढ्यात दार उघडून अप्पा आत आले. "झालं काय? मी चहा घेऊन आलो."

आजींनी दोन्ही हात खुर्चीवर दाबले, "आई वं" म्हणत उठल्या आणि पदर डोक्यावर घेतला.

"शाब्बास आजी!" मी ओरडले. आता आठवलं की लाज वाटते.

बाबांनी त्यांना बसवलं. अप्पांचा मोबाईल वाजला, ते बाहेर गेले. परत आले. आजी उठल्या. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. आजी पुन्हा उठल्या. या वेळी मी तोंडही उघडलं नव्हतं.

"बाबा, मागच्या वेळी अप्पा कुठं होते?"

"दारातच. मोबाईलवर बोलत अंदर-बाहेर करून राह्यले होते."

मी पाच मोजले होते, बघितलं काहीच नव्हतं. आमच्या सुलतानपूरला मोठे काका अंगणात आले की माझी आई हातातलं टाकून उभी राहते. भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावासमोर, बाईनं बसायचं नाही. हे इतकं रोजचं की मला ते दिसलंच नाही.

"घरीही अशाच उठतात का?"

"हाव. अप्पाचं घर मागं अन् रस्ता आमच्या ओसरीतून. दिवसातून पंधरा डाव तरी उठते." बाबांनी आजींचा पदर सारखा केला. "मले कधी कधी वळखत नाही. हा बाप्या कोन, म्हनते. अप्पाले मात्र बराबर वळखते."

अप्पांनी ऐकलं. "म्हंजे माह्यामुळं दुखते म्हनतं काय तू?"

"नाही अप्पा, गुडघे झिजलेलेच आहेत. पण तुम्ही जरा बाहेर बसता का?"

"मले बाहेर काहाडून राह्यली काय वं पोरी?"

काढलं. दार लावून दहा मिनिटं प्रयत्न केला. आजी एकदाही उठल्या नाहीत. मग मी सरांकडे गेले.

"सर, माझा रिपोर्ट चुकला."

"किती?"

"पूर्ण."

सगळं ऐकून सर म्हणाले, "तू टेस्ट पेशंटची घेतली की त्यांच्या सासरची?" त्यांनी सगळ्यांना आत बोलावलं. अप्पा शिरले, आजी उठल्या.

"वाटी मी बसवीन," सर म्हणाले. "पण वॉर्डात अप्पा आले आणि या वॉकरशिवाय अशाच उभ्या राहिल्या तर?"

"सांगू ना तिले, उठू नको म्हून," अप्पा म्हणाले.

"मग आत्ता सांगून बघा," मी म्हटलं.

भावजयीशी थेट बोलायची अप्पांकडे रीत नव्हती. इतक्या वर्षांत ते कधी बोललेच नव्हते. शेवटी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत ते म्हणाले, "नामदेव, बसाले सांग तिले."

आजी उभ्याच. पाय थरथरत होते.

"अप्पा, तारीख फिरवा," नामदेवबाबा म्हणाले. "गया पहिल्यावानी चालन, अशी मलेही आस होती. पन थे पडली तं उचलाले मी असन, गाव नाही येनार. गावाले म्हनू द्या काय म्हनाचं थे."

"तुले समजते का काई त्यातलं?"

"ऑपरेशनातलं नाही समजत. हिचं समजते."

ऑपरेशन पुढे ढकललं. सरांनी गोळ्या, गुडघ्यात इंजेक्शन आणि उंच खुर्ची लिहून दिली. सोबतीची नीट सोय झाली तर पुढे एका गुडघ्याचा विचार करू म्हणाले. मी भीत भीत अप्पांना म्हटलं, "तुम्ही ओसरीतून जाऊ नका."

"माह्याच घरात चोरावानी मागून जाऊ?" ते निघूनच गेले.

पहिला आठवडाभर ते मुद्दाम ओसरीतूनच गेले, असं बाबांनी सांगितलं. मग दहा दिवस वहीत आजींच्या उठण्याच्या रेघा मारून बाबांनी ते पान अप्पांसमोर धरलं. अप्पांनी दोन दिवस भावाशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी मागच्या कुंपणात फाटक बसवायला माणूस आला.

आजींचे गुडघे बरे झालेले नाहीत, होणारही नाहीत. सूज मात्र उतरलीय. बाबांचा हात धरून न्हाणीपर्यंत जातात. मी शिकवलेला एकही व्यायाम त्या करत नाहीत.

चुकलेला रिपोर्ट दुरुस्त करायला मला दहा मिनिटं लागली. अप्पांची वाट बदलायला तीन आठवडे. फॉर्मवर दोन्हींसाठी रकाना नाही.