मॅरीडला ‘विथ’ चालत नाही

शेवगावात आमच्या गल्लीतल्या बायकांचा दुपारचा इंग्लिश क्लास सुरू झाला आणि माझी व्रतांची वही मागच्या बाजूनं किश्श्यांनी भरायला लागली. आता पुढून देव आणि मागून क्लास, मध्ये चारच पानं कोरी उरलीत.

क्लास निघाला शेजारच्या मंगलमुळे. तिच्या मुलानं चेन्नईची मुलगी पसंत केली. मुलीच्या आईला ना मराठी येतं, ना हिंदी. महिन्याभरात दोघी विहिणींचा व्हिडिओ कॉल ठरला.

“मी गप बसले तर त्यांना वाटंल सासू लई खडूस हाय. जमलेलं मोडंल बाई.” मंगल रडकुंडीला आली. मी लगेच तिच्यासाठी मंगळवार धरले.

*

सरांच्या फलकावर मोठ्या अक्षरात ‘सर्टिफाईड’ लिहिलंय. पहिल्याच दिवशी शिलाईकाम करणाऱ्या रेहानाभाभींनी विचारलं, “सर, सर्टिफाईड बाय कोण?”

सर खडू शोधायला लागले. म्हणाले, “‘बाय’ आपण पुढच्या महिन्यात घेऊ.”

*

इंटरेस्टेड, टायर्ड, मॅरीड, फ्रायटन्ड. सर म्हणाले, या प्रत्येकामागे ठरलेलाच शब्द येतो. कुणाच्या डोक्यात शिरेना. शेवटी मीच म्हटलं, “गणपतीला दूर्वा, महादेवाला बेल. तसं इंटरेस्टेडला इन, मॅरीडला टू, टायर्डला आणि फ्रायटन्डला ऑफ.”

तेव्हापासून कुणी चुकलं की आम्ही एवढंच म्हणतो, “गणपतीला तुळस वाहिलीस गं.”

सर माझं वाक्य फलकावर छापणार होते. खाली त्यांचं नाव.

*

मॅरीडच्या धड्याला नवऱ्याचं नाव घ्यायचं होतं. मंगल उभी राहिली, पदर सावरला.

“डाळिंबाच्या बागेला ठिबकाची नळी, दत्तूरावांचं नाव घेते इंग्लिशच्या वेळी. आय ॲम मॅरीड विथ दत्तूराव.”

“विथ नाही, टू!”

“आवो सर, तीस वर्सं त्यांच्यासंगच ऱ्हाते की.”

तिचं हे कायमचंच. कुठल्याही शब्दाला ‘विथ’. सरांनी एकदा कारण विचारलं तर म्हणाली, “मला एकटं कुटं जायची सवय न्हाई. मंग शबदाला तरी एकटं कशाला धाडू?”

*

गृहपाठ होता, ‘आय ॲम टायर्ड ऑफ’. मी तेवढं लिहून विचार करत बसले. आमचे हे मागे येऊन उभे राहिले. पाच मिनिटं हललेच नाहीत.

मी पुढे लिहिलं, ‘साबुदाणा’.

“हुश्श,” म्हणत ते चहा टाकायला गेले. लग्नानंतर पहिल्यांदाच.

*

कॉलचा दिवस मंगळवारच निघाला. मंगलच्या घरी फोन तांब्याला टेकवून ठेवला. समोर मंगल, फोनमागे आम्ही, सर आणि माझ्या मंगळवारच्या प्रसादाची केळी. मंगलचं पाठ केलेलं वाक्य होतं, ‘आय ॲम प्लीज्ड विथ युअर डॉटर.’ तिथे ‘विथ’च लागतं, म्हणून मी खुशीत होते.

पडद्यावर विहीणबाई आल्या. नवी साडी, केसांत गजरा, हातात एक चिठ्ठी. त्यांनी वाचायला सुरुवात केली, अडखळल्या, चिठ्ठी खाली ठेवली आणि हळूच म्हणाल्या, “आय ॲम फ्रायटन्ड ऑफ यू.”

मंगल पाठ केलेलं सगळं विसरली.

मग म्हणाली, “आय ॲम फ्रायटन्ड विथ यू.”

सरांनी ‘ऑफ’ म्हणायला तोंड उघडलं. मी त्यांच्या हातात केळं ठेवलं. “सर, आधी प्रसाद खा.”