काटवट

काटवट म्हणजे पीठ मळायची, भाकरी थापायची लाकडी परात. आमच्या घरातली काटवट मात्र रोजच्या भाकरीच्या कामाची नव्हती, इतकी मोठी होती. वर्षभर ती माळ्यावर पालथी पडलेली असायची आणि मेंढ्यांची लोकर कातरायच्या दिवशीच खाली यायची.

त्या दिवशी भावकीतली आणि सोयऱ्यांतली माणसं आपापली कातर घेऊन यायची. आज आमच्याकडं, परवा त्यांच्याकडं, अशी सावड चालायची. मेंढ्या आदल्या दिवशी ओढ्यावर धुतलेल्या असायच्या. दुपारी काम आटोपलं की आई काटवटीत बाजरीच्या भाकरी कुस्करायची, त्यावर मेंढीचं दूध आणि गूळ. मग पुरुष, बायका, पोरं, सगळे भोवती बसून त्यातच हात घालायचे. वेगळं ताट कोणालाच नाही. आमच्या वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो. आप्पा म्हणायचे, "ज्यानं लोकरीला हात लावला, त्यो काटवटीला." फक्त घरधन्यानं शेवटी बसायचं, सगळ्यांची पोटं भरल्यावर. त्यामुळं आप्पांच्या वाट्याला बऱ्याचदा बुडाचं दूधच यायचं.

कालव्याचं पाणी आलं तशी आमच्याकडची बहुतेक मेंढरं विकली गेली आणि ऊस आला. थोडी मेंढरं आप्पांनी हट्टानं ठेवली होती. काटवटही तशीच राहिली.

हे सगळं मी आधी सांगते आहे, कारण कॉलेजात मला ते नीट सांगता आलं नव्हतं.

मी न्हावऱ्याहून एसटीनं शिरूरला कॉलेजला जाते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वर्गात मागच्या बाकावर बसायचे, सरांनी प्रश्न विचारला तर उत्तर येत असूनही मान खाली घालायचे. दुसऱ्या वर्षी स्नेहसंमेलनात आमच्या सरांनी 'जगाच्या चालीरीती' असा कार्यक्रम बसवायला घेतला. जपानचे लोक कमरेत वाकून नमस्कार करणार होते. रशियाची मुलगी पाव आणि मीठ घेऊन पाहुण्यांच्या स्वागताला उभी राहणार होती. स्पेनमध्ये नवीन वर्ष लागताना घड्याळाच्या ठोक्याबरोबर द्राक्षं खातात म्हणे, तर स्पेनसाठी मुलांची भांडणं लागली, कारण तालमीलाही द्राक्षं मिळणार होती. एकीनं दौंडच्या रेल्वे क्वार्टरमधून शेजारच्या ख्रिश्चन काकूंचा झालरींचा झगा मागून आणला. तो झगा सगळ्या युरोपभर आळीपाळीनं फिरायचा होता.

मला आणि माझ्या मैत्रिणीला इथिओपिया आला. ती तळेगाव ढमढेऱ्याची, जीपनं यायची. आम्ही दोघी सावळ्या. एक मुलगा म्हणाला, "सर, यांच्या मेकअपचा खर्च वाचला." सर हसले आणि पुढची ओळ वाचायला लागले.

मी लायब्ररीत इथिओपियाबद्दल शोधलं. एका जाड इंग्रजी पुस्तकात फोटो होता. मोठ्या ताटाभोवती माणसं बसलेली, ताटभर पसरलेली आंबोळीसारखी मऊ भाकरी, आणि एक बाई पाहुण्याच्या तोंडात आपल्या हातानं घास घालते आहे. डिक्शनरी घेऊन मी खालचा मजकूर लावला. तिकडं एका ताटात जेवतात आणि घास भरवणं हा मान समजतात. मी तो फोटो पुन्हापुन्हा पाहिला. आमच्या अंगणातलाच वाटत होता.

सरांनी लिहिलेला प्रवेश वेगळा होता. आम्ही दोघींनी थाळीतून बोटं चाटत खायचं, एकमेकींना भरवायचं. मग टाय घातलेला एक साहेब येणार. आम्ही त्यालाही भरवायला धावायचं, आणि त्यानं नाक धरून ओरडायचं, "उष्टं! उष्टं!" तो पुढं, आम्ही मागं. तालमीत सगळे पोट धरून हसले.

मी हात वर केला. तो इतका अर्धवट वर गेला होता की सरांना बराच वेळ दिसला नाही.

"काय गं?"

"सर, आमच्यात पण... म्हणजे आमच्या घरी पण एकाच काटवटीत जेवतात. लोकर कातरायच्या दिवशी."

मागून कोणीतरी म्हणालं, "मेंढरं पण बसत्यात का पंगतीला?"

पुन्हा हशा. सर म्हणाले, "बरं झालं, तुला अॅक्टिंग करावी लागणार नाही."

तालीम संपल्यावर मी पाण्याच्या टाकीजवळ उभी होते. मैत्रीण आली, ओंजळीनं पाणी प्यायली आणि म्हणाली, "मी हे करणार न्हाई."

"काळं म्हणाले म्हणून?"

"त्याची सवय हाय. उष्ट्यावर हसत्यात म्हणून. माझी आजी गावातनं उष्टं मागून आणायची. आमच्या सगळ्या वस्तीला तेच व्हतं नशिबात. मग एक दिवस तिनं ते टोपलंच विहिरीत टाकलं. तवापास्नं आमच्या घरात ह्या शब्दाला कुणी हसत न्हाई."

मग मी आमची चाल तिला सांगितली. आमच्यात काटवटीतल्याला उष्टं म्हणतच नाहीत, ज्यानं लोकरीला हात लावला तो काटवटीला, असं सगळं. जरा अभिमानानंच सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आन् मी लोकरीला हात लावला तर?"

मी "व्हय" म्हणाले, पण लगेच नाही. मधे जेवढा वेळ गेला तेवढा तिला पुरला. ती म्हणाली, "बघ. स्टेजवर बसायला मी येते. पण घरी बसवशील तर खरं."

मी कबूल केलं.

संमेलनाच्या दिवशी मी माळ्यावरची काटवट पोत्यात गुंडाळून एसटीत घातली. कंडक्टर म्हणाला, "ताई, ही नाव घेऊन कुठल्या नदीला?" कॉलेजात सर्वांना वाटलं, सामान चांगलं मिळालं. सर खूश झाले.

आमची पाळी आली. मैत्रिणीनं घरून भाकरी आणल्या होत्या, मी दूध आणि गूळ. आम्ही स्टेजवर बसून काला केला आणि खायला लागलो. बोटं चाटली नाहीत, रोज जेवतो तशाच जेवलो. टायवाला साहेब ठरल्याप्रमाणं आला, नाक धरलं, "उष्टं! उष्टं!" ओरडला आणि पळायच्या तयारीत उभा राहिला. आम्ही उठलोच नाही. वाक्य मी एसटीत पाठ केलेलं होतं.

"ही चाल इथिओपियाची आहे आणि आमच्या न्हावऱ्याचीही आहे. बसणार असाल तर बसा, नाहीतर बाजूला व्हा."

त्या बिचाऱ्याला त्याचं पुढचं वाक्य नव्हतं. तो पडद्याकडं बघायला लागला. शिट्ट्या सुरू झाल्या. मागच्या रांगेतून कोणी मेंढरासारखं ओरडलं, मग बरेच जण ओरडले. मैत्रीण मला हळूच म्हणाली, "खात राहा." आम्ही खात राहिलो. हळूहळू ओरडणारे कंटाळले आणि हॉल गप्प झाला. गप्प झाल्यावर जास्त भीती वाटली. बसायला कोणी आलं नाही. शेवटी कोणीतरी पडदा ओढला. आम्ही पडद्यामागं बसून उरलेलं संपवलं, कारण काटवटीत टाकून उठायचं नसतं.

सर आत आले. "कार्यक्रमाची वाट लावली तुम्ही दोघींनी. साधा विनोद होता तो."

"सर, आम्हाला हसू आलं नाही," मी म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदाच मी शिक्षकांना उलटून बोलले असेन. सर म्हणाले, यापुढं स्टेजवर तुम्ही दिसायच्या नाहीत. मैत्रीण म्हणाली, "चालतंय, सर."

घरी आप्पा ओट्यावर बसून वाटच बघत होते. "काटवट कुठं न्हेली व्हतीस?"

मी सांगितलं. ते रागावले. आवाज चढवून रागवायची त्यांची पद्धत नाही. "नाटकात मांडायची वस्तू हाय का ती?"

"आप्पा, लोक तिला हसत होते."

"हसू द्यायचं. आपलं आपल्या घरात असतंय. त्यांना दाखवाया कोण गेलं व्हतं?"

"मी गेले होते. आन् मी पुन्हा जाईन."

मग धीर आहे तोवर मी दुसरंही सांगून टाकलं. "माझी मैत्रीण येणार हाय यंदा लोकर कातरायला. तळेगावची. तीच बसली व्हती माझ्याबरोबर काटवटीला."

"कुणाची पोर?"

मी सांगितलं, वस्तीतली. आप्पांनी डोक्यावरचा पटका काढला, पुन्हा बांधला आणि काही न बोलता मेंढरांकडं निघून गेले. मी त्याला होकार समजायचं ठरवलं. त्यांनी नाही म्हटलं असतं तरी मी तिला बोलावलंच असतं.

ती आली ती सकाळच्या पहिल्या जीपनं. ओढणी कमरेला बांधली आणि कातर मागितली. आप्पांनी क्षणभर तिच्याकडं पाहिलं, एक गरीब मेंढी तिच्यापुढं आडवी पाडली आणि कातर कशी धरायची ते दाखवलं. मेंढीनं लाथ मारली, तिनं पुन्हा धरली. कातरून झाल्यावर त्या मेंढीकडं बघून माझे एक चुलते म्हणाले, "हजामत केली का पायऱ्या काढल्या? हिच्यावरनं चढून माडीवर जाता येईल." सगळे हसले, तीही हसली. ह्या हसण्यानं मला बरं वाटलं. कोणाचीही पहिली मेंढी अशीच होते आणि कोणालाही असंच हसतात.

पण ती कुठली, कुणाची, हे तोवर सगळ्यांना कळलं होतं. आमच्या गावात ते सांगावं लागत नाही.

दुपारी काटवट मांडली. माणसं हात धुऊन बसायला लागली. तेवढ्यात माझी मोठी चुलती, आम्ही तिला नानी म्हणतो, घरातून स्टीलचं ताट घेऊन आली. त्यात तिनं काटवटीतला काला आधीच वाढून घेतला होता. ताट तिनं ओट्याच्या कडेला ठेवलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "पाव्हणी हाय, तिला येगळं वाढलंय. शिकल्याली पोर, तिला आपलं कसं चालंल?"

मैत्रीण नानीकडं किंवा ताटाकडं बघत नव्हती. ती माझ्याकडं बघत होती.

"नानी, तिला चालतंय," मी म्हणाले. "तुम्हाला चालत न्हाई का?"

"मी कुठं काय म्हणले?"

"मग मी पण शिकल्याली हाय. मला कुठं वेगळं ताट?"

आई पदरानं तोंड पुसत उभी होती. मी ते ताट उचललं आणि सगळा काला काटवटीत ओतला. थोडं दूध बाहेर सांडलं. मग मैत्रिणीला माझ्याशेजारी बसवलं.

पायऱ्यांचा विनोद करणारे चुलते उठले. "मला भूक न्हाई," म्हणाले आणि पायात चपला सरकवल्या. त्यांच्यामागं आणखी काही जण उठले. उरले ते बसून राहिले, पण हात कोणी घालेना. पहिला घास कोण घेतो इकडं सगळ्यांचे डोळे. मी घेतला असता तर पोरीचा हट्ट ठरला असता. मैत्रिणीनं घेतला असता तर काय ठरलं असतं कोण जाणे.

आप्पा खांबाला टेकून उभे होते. ते आले, मैत्रिणीच्या पलीकडं मांडी घालून बसले आणि काटवटीत तिच्या पुढ्यातल्या काल्यातच हात घातला. घरधन्यानं शेवटी बसायचं ही चाल त्यांनीच आम्हाला शिकवली होती, आणि ती त्यांनी मोडलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

"खावा," ते म्हणाले. "दूध नासंल."

मग आईनं हात घातला. मग बाकीच्यांनी, एकेकानं. मैत्रिणीनं दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "गूळ कमी हाय."

मला वाटलं, आता हे बोलायची काय गरज होती. आप्पांनी चव घेतली. "हाय खरा कमी. वहिनी, गूळ आणा की."

नानीनं गूळ आणला. लांबूनच हात लांब करून काटवटीच्या कडेला टेकवला आणि आत निघून गेली. त्या दिवशी ती जेवली नाही. मीही तिला समजवायला गेले नाही.

पुढच्या खेपेला उठून गेलेले चुलते सावडीला आले नाहीत, त्यामुळं आम्हालाही त्यांच्याकडं जावं लागलं नाही. माणसं कमी होती, काम संध्याकाळपर्यंत पुरलं. मैत्रीण जीपनं आली, येताना पिशवीत गुळाची ढेप घेऊन. आप्पा म्हणाले, "ह्या बारीला पायऱ्या नकोत."

"न्हाई काढत, आप्पा," ती म्हणाली आणि मेंढीचा पाय धरला.

मी आता शेवटच्या वर्षाला आहे. समाजशास्त्रात चालीरीतींवर पेपर असतो, त्यात 'चाल म्हणजे काय' असा प्रश्न येतो. पुस्तकातली व्याख्या मला पाठ आहे आणि परीक्षेत मी तीच लिहिते. पण काटवट आता आम्ही माळ्यावर ठेवत नाही. ती खाली, दाराशी, भिंतीला टेकवून उभी असते. येणाऱ्या प्रत्येकाला ती दिसते. ज्याला बसायचं नाही त्यालाही दिसते.