फाटकाबाहेरची आग

कुणाच्याही घरी गेले की ते आधी सरळ स्वयंपाकघरात शिरत, स्टोव्हजवळचा घासलेटचा डबा उचलून दोन हात लांब ठेवत आणि मग बाहेर येऊन बसत. "हं, आता बोला." लग्नघरी तर मांडवामागे हलवायाशी त्यांचा वाद ठरलेलाच. "अरे, भट्टी कनात से सटा के क्यों जमाई?" वरपक्षाचे लोक घाबरून बघत. उज्जैनचे असाल तर असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल.

आमच्या कापड मिलचा आगीचा बंब त्यांच्या ताब्यात होता. अख्खा मोहल्ला त्यांना बंबवाले काका म्हणे.

माझे वडील त्याच मिलमध्ये सूतखात्यात होते. माझी फी मिलच्या मदतीतून भरली गेली, आणि आमच्या घरातला पहिला पदवीधर म्हणून मिलनेच मला फाटकावरच्या ऑफिसात कारकून म्हणून घेतलं. पेढे द्यायला गेलो तर काका म्हणाले, "बी.कॉम. झालास, चांगलं झालं. शिडी चढता येते का?"

ते दिवस बदलाचे होते. बाहेरचं स्वस्त कापड बाजारात आलं, मिलचा खर्च कमी करायला नवे मॅनेजर आले. त्यांची एक ऑर्डर अशी होती, की त्यांच्या परवानगीशिवाय बंब फाटकाबाहेर जाणार नाही. तोवर शहरात कुठेही आग लागली की आमचा बंब जायचा. कुणी विचारत नसे.

एका दुपारी देवास गेटच्या बाजूला काळा धूर दिसला. लाकडाची वखार पेटली होती. शहराचा बंब दुसऱ्या टोकाला एका आगीवर गेला होता. मॅनेजर इंदूरला. काका माझ्या टेबलासमोर उभे राहिले.

"बंबाचा गेटपास बनव."

"काका, ऑर्डर आहे. साहेब संध्याकाळी येतील."

"तो आग को बोलूँ, शाम तक रुक जा?"

माझी नोकरी अजून कच्ची होती. वडील निवृत्त झालेले, घरात पगार माझाच. मी म्हणालो, "कारण 'सराव' असं लिहितो."

"खोटं नको लिहूस. आग लागलीय, आग लिही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि खाली लिही, मी जबरदस्तीनं नेला. तू वाचशील."

मी आग लिहिलं. जबरदस्ती लिहिलं नाही. खाली सही केली.

वखार अर्धी गेली, पण तिच्या मागची घरांची ओळ वाचली.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरांनी दोघांनाही बोलावलं. "किसकी इजाजत से गए थे?"

काकांनी टोपी काढली, पण मान खाली घातली नाही. "साहब, मैं नया-नया था तब अपनी मिल का कपास का गोदाम जला था. पूरा मोहल्ला बाल्टियाँ लेकर दीवार फाँद के अंदर आया. पास किसी के पास नहीं था."

मॅनेजरांनी पासावरची माझी सही पाहिली. मग पास फाईलमध्ये लावला. माझी कच्ची नोकरी तीन महिने आणखी कच्ची राहिली, पण राहिली. ऑर्डर मात्र तशीच होती.

काकांनी ओळखलं, की आज ना उद्या बंब हातचा जाणार. त्यांनी रडगाणं गायलं नाही. दर रविवारी सकाळी मिलच्या चाळीत नळापासून माणसांच्या दोन रांगा उभ्या करू लागले. एका रांगेतून भरलेल्या बादल्या पुढे, दुसरीतून रिकाम्या मागे. "मामी, लोटा काय आणलात, तुळशीला पाणी घालायचंय का?" चाळीतल्या मामी म्हणायच्या, "आधी आग तर दाखवा, मग बादली आणते!" सगळे हसत. काका घड्याळ बघत. हसता हसता रांगा सरळ झाल्या.

पुढे मिल बंद पडली. बंब विकला गेला. काका लेकीकडे खंडव्याला गेले आणि वर्षभरात ते वारल्याचं पोस्टकार्ड आलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, चाळीच्या टोकाला मांडवाच्या सामानाची खोली पेटली. मी धावत पोचलो तर दोन्ही रांगा उभ्या होत्या. पिठाच्या गिरणीवाला आणि एक नवी सून यांच्यामध्ये मी घुसलो. त्याच वर्षी लग्न होऊन आलेली ती. काकांना तिने कधी पाहिलं नव्हतं. मी बादली छातीशी ओढून घेतली तशी ती ओरडली, "भैया, कोहनी मत मोड़ो! पीछे वाला रुकता है."

मी कोपर सरळ केलं.

शहराचा बंब आला तेव्हा विझवायला धूरच उरला होता. तरी रांगा मोडल्या नव्हत्या. रिकाम्या बादल्या हातोहात नळाकडे परत चालल्या होत्या.