कोरी जागा, विहिरीजवळची

सिस्टर नोरा गेल्याचा निरोप नागपूरच्या इस्पितळातून आला, तेव्हा मी अहेरीच्या आमच्या दवाखान्यात सुया उकळत होते. पाठोपाठ दुसरा निरोप... मातीही तिकडेच होणार, त्यांच्या संस्थेचा तसा नियम आहे. नियम गेला चुलीत! बाईंना इथेच राहायचं होतं. त्यासाठी त्यांनी दगडसुद्धा घडवून ठेवला होता.

बाई आयर्लंडच्या. त्यांच्या गावाबाहेर जुन्या साधूंच्या मठाच्या पडक्या भिंती आणि त्यांत माणसाहून उंच दगडी क्रूस; हातांभोवती गोल कडं, अंगभर वेलींच्या गाठी आणि संतांचे चेहरे. हजार वर्षं पावसात उभा आहे, असं सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. पाटे-वरवंटे घडवणाऱ्या रहीमभाईंना त्या म्हणाल्या, "तसाच मले इथी पाहिजे. लहान चालन." बाळंतिणींत आयुष्य काढून बाईंची बोली अशी झाली होती. रहीमभाई म्हणाले, "चेहरे नाई कोरत मी, बाई." "चेहरे नोको. मोहाची पानं कोर न."

दगड विहिरीजवळ उभा राहिला. बाई त्याच्या कड्यात छत्री अडकवायच्या आणि त्याला टेकून चहा प्यायच्या. स्वतःच्या थडग्याच्या दगडाला टेकून! मी चिडायचे, त्या हसायच्या. "काऊन भेऊन राह्यली? माही जागा गरम करून राह्यली मी."

बाई गेल्यावर महिन्याभराने रहीमभाई छिन्नी घेऊन आले. दगडावर नावाची जागा कोरी होती. "कोरू कसं? बाई त इथी नाईत," ते म्हणाले, आणि मला रडू फुटलं. औषधाला आलेली चिन्नी तिथेच होती. माडियांची पोर, तिची सगळी बाळंतपणं बाईंनीच केलेली. तिने दगडापुढे मूठभर तांदूळ ठेवले. मेलेल्या माणसासाठी दगड उभा करण्याची रीत त्यांच्यात आहेच. "कोर भाऊ. माती कुठीबी राहो," ती म्हणाली, "जीव इथी रमला त दगड वाढते." रहीमभाईंनी नाव कोरलं.

मी बौद्धाघरची. जीव येतो, दगड वाढतो, असलं काही बाबांनी आमच्या घरात शिरू दिलं नाही. मलाही ते पटत नाही. तरी रोज पाण्याला गेले की मी त्या दगडाशेजारी उभी राहते. छत्री अजून कड्यातच आहे, काढवत नाही... कडं माझ्या खांद्याला लागतं. आज सकाळीही तिथेच लागलं.

वाढा न बाई, थोडं तरी.